वकील काही स्टुलावर बसेना

दुकानातूनच, दुपारी,
इस्त्री गार आणि काका गरम असताना

तीर्थरूप मामा यांस,

दोन्ही हात स्टार्चने चिकटलेले असल्यामुळे इथूनच, मान खाली घालून, मनातल्या मनात साष्टांग नमस्कार. (मान खाली घालणं मला या घरात आता चांगलं जमायला लागलंय.) तुमची कंबर कशी आहे? मामींचा गुडघा जिना चढू देतो का? नव्या इमारतीत लिफ्ट आहे असं तुम्ही लिहिलं होतंत आणि ती बंदच असते असं मामींनी त्याच पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं. दोन्ही वाचलं. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे काकांचं ब्लडप्रेशर वर आहे, काकूचा खांदा धरलाय, मी पार दमलोय आणि वकील मजेत आहे.

वकील कोण हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण माझी पत्रं तुम्ही शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवता असंही मामींनी कडेला लिहिलंय, तेव्हा त्या मंडळींसाठी सांगतो. वकील हा तुमचा कुत्रा. अंगाने काळाकुळकुळीत, छातीवर मात्र वकिलाच्या गळ्यातल्या पट्टीसारखा पांढरा पट्टा, आणि समोरच्याचं सगळं ऐकून घेऊन शेवटी स्वतःला हवं तेच करायची सवय, म्हणून तुम्ही त्याला हे नाव ठेवलंत. तुमच्या नव्या इमारतीत कुत्री चालत नाहीत म्हणून तुम्ही त्याला 'थोडे दिवस' इथे सोडलंत, आणि मी कॉलेज अर्धवट सोडून काकांकडे 'थोडे दिवस' आलो तोही त्याच सुमाराला. आईच्या भावाचा कुत्रा आणि वडिलांनी बोलणं टाकलेला मुलगा, असे आम्ही दोघंही वडिलांच्या भावाच्या लाँड्रीत येऊन पडलो. तुम्ही गेल्यावर कितीतरी दिवस तो दुकानाच्या दारात बसून रस्त्याच्या टोकाकडे बघायचा. कान उभे, मान जराशी तिरकी. गिऱ्हाइकं म्हणायची, काय राखणदार कुत्रा मिळालाय तुम्हाला! काका मिशीतल्या मिशीत हसायचे. मग एक दिवस त्याने ते बघणं सोडून दिलं आणि इस्त्रीच्या टेबलाखाली, जिथे वाफेमुळे फरशी कोमट होते तिथे, कायमचा मुक्काम ठोकला. तिथून तो माझ्या पायांवर हनुवटी ठेवून झोपतो. पाय बधिर होतात. हलवले की तो असा उसासा सोडतो की मीच त्याची झोपमोड करायला जन्माला आलोय. असो.

तर मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की वकिलासाठी चांगलं घर मिळतंय, बंगला आहे, पुढे बाग आहे, माणसं हौशी आहेत, पण त्यांना आधी फोटो हवाय, आणि तोही मोबाइलवर खिडकीत उभा करून काढलेला नको, स्टुडिओत जाऊन नीट काढलेला हवा. काकांनी ते पत्र माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि या वर्षात प्रथमच माझ्याशी प्रेमाने बोलले. म्हणाले, ''महिनाअखेरच्या आत हे काम उरकायचं. एवढं एक काम तरी पूर्ण कर बाबा.'' (यातला 'तरी' कुणीकडे जात होता ते तुम्हाला कळलं असेल. कॉलेजचा विषय या पत्रात येणार नाही, मी तो इथेच संपवतो. ड्रॉइंगच्या सरांनी माझी शीट सगळ्या वर्गासमोर उलटी धरली होती आणि कुणीही माझ्या जागी असता तरी त्याने तेच केलं असतं.)

खरं सांगायचं तर मलाही आनंदच झाला. एक म्हणजे पाय मोकळे होणार होते. आणि दुसरं म्हणजे स्टुडिओ. आमच्या दुकानाला लागून चपलांचं दुकान, आणि त्याला लागून फोटो स्टुडिओ, आणि तो ती चालवते. ती म्हणजे कोण हे मी आधीच्या पत्रांतून लिहिलेलं आहे आणि तुम्ही एकाही उत्तरात त्याचा उल्लेख केलेला नाही. (हा समजूतदारपणा म्हणायचा की बहिरेपणा, असं काकूला विचारलं तर ती म्हणाली, दोन्ही.) तिचं वर्णन आता करत नाही. एवढंच सांगतो की कॅमेऱ्याला एक डोळा लावून ती दुसरा मिटते तेव्हा तिच्या नाकावर बारीक चुण्या पडतात, आणि सबंध दिवस लोकांच्या चुण्या मोडण्यात घालवणाऱ्या माणसाला वाटतं, एवढ्या तेवढ्या राहू द्याव्यात. तिच्याशी बोलायला मिळावं म्हणून मी आतापर्यंत इतके पासपोर्ट फोटो काढून घेतलेत की मी देश सोडून पळून जाणार अशी काकांना शंका आहे. (शंका नाही, आशा आहे, इति काकू.) आणि एवढं करून ती मला म्हणते काय, तर दादा. 'दादा, हनुवटी वर. दादा, खांदे सैल सोडा. दादा, डोळे मिटलेत, पुन्हा काढते.' मामा, आपल्या भाषेत एवढे शब्द आहेत, आणि तिला नेमका हाच सापडावा? रिक्षावाला दादा, दूधवाला दादा, आणि वाफेच्या इस्त्रीखालून काढलेला शर्ट घालून, कॉलर उभी करून आलेला मीही दादाच.

पण आता मी गिऱ्हाईक म्हणून नाही, काम घेऊन जाणार होतो. गेलो. म्हटलं, कुत्र्याचे फोटो काढायचेत, तयारी काय करू? तर ती एकदम खुलली. पासपोर्ट फोटोंनी ती बिचारी कंटाळलेली असणार. म्हणाली, काळ्या कुत्र्याचा फोटो सगळ्यात अवघड, उजेड समोरून पडला तर नुसता काळा ठिपका दिसतो, बाजूने पाडावा लागतो, आणि डोळ्यांत चमक आलीच पाहिजे, नाहीतर कुत्रा आहे की उशी ते कळत नाही. मग तिने तयारी सांगितली. आंघोळ आदल्या दिवशी घालायची, त्या दिवशी नाही. पोट अर्धंच भरायचं, म्हणजे बिस्किटासाठी तो ऐकेल. येण्याआधी भरपूर पळवून दमवायचं. उंच स्टुलावर बसायची सवय करायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॅमेऱ्याच्या आवाजाची सवय. आवाज झाला की लगेच बिस्किट द्यायचं, म्हणजे तो बिचकत नाही. ''पण बिस्किट...'' असं ती म्हणाली आणि त्याच वेळी कपाळावर आलेली बट तिने खालच्या ओठाने फुंकर मारून उडवली. पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं असणार, कारण तिचे ओठ हलत होते. मला काहीएक ऐकू आलं नाही. मी म्हटलं, समजलं. आणि निघून आलो.

ते वाक्य काय होतं ते मला नंतर कळलं. तोपर्यंत फार उशीर झाला होता.

दुकानात कॅमेरा नाही, पण कॅमेऱ्यासारखा आवाज करणारी वस्तू आहे, ती म्हणजे स्टेपलर. आमच्याकडे कपडा आला की त्याच्या कडेला नंबराची चिठ्ठी स्टेपल करतात, कट्ट. काका वरच्या दांडीला कोट लटकवायला ज्या स्टुलावर चढतात त्या स्टुलावर मी वकिलाला बसवलं, मी काउंटरमागे उभा राहिलो, कट्ट केलं, आणि खिशातून बिस्किट काढून हात पुढे केला. त्याने क्षणभर विचार केला, स्टुलावरून उडी मारली, काउंटरखालून आला आणि बिस्किट घेतलं. पुन्हा उचलून बसवला. कट्ट, उडी, बिस्किट. दुसऱ्या दिवसापर्यंत तो इतका तयार झाला की पिन कपड्यातून आरपार जायच्या आत तो माझ्या पायाशी असायचा. मला वाटलं, काय प्रगती आहे! आवाजाला घाबरायचं सोडाच, आवाजाच्या प्रेमात पडलाय. काकूही कौतुकाने बघत होती. म्हणाली, ''तुझ्यापेक्षा लवकर शिकतो बरं का.'' आता यात अडचण अशी की लाँड्रीत स्टेपलर दिवसभर चालतो. गिऱ्हाईक आलं, कट्ट, वकील हजर. साडी आली, कट्ट, वकील हजर. पडद्यांचा गठ्ठा आला त्या दिवशी तर तो जायचा थांबलाच, तिथेच तोंड उघडून बसून राहिला. पोट अर्धं ठेवायचं होतं, ते ओसंडून वाहायला लागलं. काकांनी एकदा विचारलं, ''हे काय चाललंय?'' मी म्हटलं, ''शिक्षण.'' काका म्हणाले, ''कुणाचं?'' मी पुढच्या शर्टाला चिठ्ठी लावली, कट्ट. भांडणाची ताकद उरली नव्हती. (तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण माणूस दमला की स्वभाव सुधारतो.)

आदल्या दिवशी आंघोळ. काळा भाग असा लखलखायला लागला की त्यात तोंड बघून भांग पाडावा. पण छातीचा पांढरा पट्टा! बिस्किटांची लाळ आणि फरशीची धूळ मिळून तो जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा झाला होता. शाम्पू झाला, साबण झाला, काही फरक नाही. आता मामा, मी कुणाचा पुतण्या आहे? आमच्या घरात पांढरं पिवळं पडलं की त्यावर कुणी विचार करत बसत नाही, नीळ घालतात. शर्टाला घालतात, चादरीला घालतात, काकूने एकदा काकांच्या टोपीला घातली होती. मी टबात कोमट पाणी घेतलं, नीळ टाकली, अगदी मापात टाकली (शर्टाच्या मापात), आणि वकिलाला पुढून बुडवला. शर्ट बुडवायचा आणि लगेच काढायचा असतो हे मला माहीत आहे. पण शर्ट टबात खाली बसत नाही. वकिलाला कोमट पाणी आवडलं. तो बसला. मी काढणारच होतो, पण तेवढ्यात बाहेर एका गिऱ्हाइकाने, आमच्याकडे दिलेल्या कोटाचं बटण आम्ही गायब केलं असा आरोप केला. बटण मुळातच नव्हतं. अशा वेळी गप्प बसणं मला जमत नाही. मी त्याला त्याच्या कोटाचा, बटणाचा आणि एकंदर आयुष्याचा सविस्तर इतिहास सांगून परत आलो तेव्हा वकिलाच्या छातीवर निरभ्र आकाश उगवलेलं होतं. चारही पाय, खालून, तसेच. मी ओरडलो. तो दचकून टबातून बाहेर आला, आणि ओला कुत्रा बाहेर आला की काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. शेजारच्या दांडीवर एका हॉटेलच्या वेटरांचे पांढरे कोट लटकत होते. लटकत होते म्हणजे तेव्हाही लटकतच होते, फक्त पांढरे नव्हते.

काका आले. त्यांनी कोट पाहिले, कुत्रा पाहिला, मला पाहिलं. ते ओरडले असते तर मीही ओरडलो असतो, म्हणजे वातावरण मोकळं झालं असतं. पण ते अगदी शांतपणे म्हणाले, ''एका घरात दोन बिनकामाचे जीव मला झेपत नाहीत. महिनाअखेर दोघांपैकी एकाने जायचं. आणि तो निदान गप्प बस म्हटलं की गप्प बसतो.'' काकू आतून म्हणाली, ''अहो, पोरगं आहे.'' काका म्हणाले, ''कोणतं?'' मग मी संध्याकाळपर्यंत कोट धूत बसलो. वकील समोर बसून बघत होता, निळ्या छातीने, एखाद्या परदेशी वकिलासारखा.

फोटोच्या सकाळी दमवण्याचा कार्यक्रम. तिने सांगितलं होतं भरपूर पळवा, तर पळवला. म्हणजे त्याने मला पळवलं. मैदानाला चकरा झाल्या, टेकाड झालं, एका मांजराच्या मागे बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर चढून उतरणं झालं, मी दोरीच्या या टोकाला. शेवटी मी एका खांबाला टेकून उभा राहिलो तेव्हा तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की, चल ना, आता कुठे मजा यायला लागली होती. स्टुडिओत पोचलो तेव्हा मी खास इस्त्री करून घातलेला शर्ट अंगाला चिकटला होता आणि केस वाळूने माखले होते. तो टवटवीत. बाहेरच्या बाकावर टाय लावलेला एक गृहस्थ पासपोर्ट फोटोसाठी बसला होता. त्याने वकिलाकडे बघून म्हटलं, ''फोटो काढायला कुत्रा? आणि तोही असा?'' मी म्हटलं, ''असा म्हणजे कसा?'' तो म्हणाला, ''असा म्हणजे निळा.'' आता हे खरं होतं, पण सांगायची पद्धत असते. मी त्याच्या टायबद्दल काहीतरी बोललो. तो उठला. मीही पुढे झालो. तेवढ्यात आतून ती आली, म्हणाली, ''दादा, भांडण नंतर करा, उजेड लावून ठेवलाय.'' आणि मग तिने खाली पाहिलं. ''अगंबाई, हा आकाशी का झाला?'' मी सगळी हकिगत सांगितली. ती हसली नाही. हसू दाबलं की माणसाची हनुवटी थरथरते, तेवढी थरथरली. मग म्हणाली, काळजी करू नका, कृष्णधवल काढू, त्यात निळा रंग पांढऱ्यासारखाच उतरतो. मामा, असं माणूस तुम्ही पाहिलंय का कुठे? आमच्या घरात महाभारत झालं ते तिने एका वाक्यात धुऊन टाकलं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. राखाडी पडदा, त्यापुढे स्टूल, स्टुलावर वकील, बाजूने उजेड, कॅमेऱ्याशेजारी खुर्चीत मी. डोळ्यांत चमक आली. तिच्या नाकावर चुण्या आल्या. खटक्. आणि वकील माझ्या मांडीवर. पुन्हा बसवला. खटक्. मांडीवर. ती म्हणाली, ''दादा, बिस्किट तुम्ही कुठे उभे राहून देत होता?'' मी म्हटलं, काउंटरमागे. ती म्हणाली, ''मी सांगितलं होतं ना, बिस्किट तो बसलाय तिथे नेऊन द्यायचं, त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं नाही.'' तर ते वाक्य हे होतं. तिने कॅमेऱ्याचा आवाज बंद केला, तर दिव्याचा टप्प असा आवाज होत होता, त्याला तो त्याहून खूश. तिने दिवा बदलला, तर बाहेरच्या टायवाल्याने कंटाळून पेनाची कळ दाबायला सुरुवात केली. खटक्, टप्प, टिक. मी दमलो, ती दमली, स्टूल डगमगायला लागलं, फक्त तो दमेना.

फोटो सोबत जोडले आहेत. एकात पडदा आणि शेपटीचं टोक आहे. एकात कान आहे. एकात माझा शर्ट, माझी अर्धी हनुवटी आणि त्याची पूर्ण जीभ आहे. जो त्यातल्या त्यात बरा आहे त्यात स्टूल फार छान आलंय. हे बंगलेवाल्यांना दाखवा आणि त्यांनी काय ते ठरवावं. माझ्याने आता होत नाही. माझे पाय दुखतात, हातांना निळीचा वास येतो, दुकानात कुणी स्टेपलर उचलला की हात आपोआप खिशातल्या बिस्किटाकडे जातो. तो लवकर गेला तर बरंच, काकांचं डोकं शांत होईल आणि मला पाय पसरून उभं राहता येईल. मामींना नमस्कार, लिफ्टला शुभेच्छा, ऐकणाऱ्या शेजारीमंडळींना रामराम. शुद्धलेखन तपासलेलं नाही, कारण ज्या कॉलेजात ते शिकवणार होते ते मी सोडलंय.

तुमचा दमलेला भाचा

ता. क. शेजारीमंडळींना इथेच थांबवा. यापुढचं मोठ्याने वाचायचं नाही.

मामा, एक फोटो नीट आलाय. तो मी जोडलेला नाही.

झालं असं की शेवटी ती म्हणाली, ''दादा, तो तुमच्याकडेच बघतोय, तुम्ही जरा बाहेर थांबता का?'' मी बाहेर जाऊन बाकावर बसलो. टायवाला म्हणाला, ''काय, हाकललं?'' मी त्याच्या टायकडे बघितलंही नाही. आतून एकदा खटक् आवाज आला (तो तिने पुन्हा चालू केला असणार), मग उडी मारल्याचा, मग बंद दारावर नखं घासल्याचा. तो एकच फोटो. तिने मला आत बोलावून कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. स्टुलावर वकील बसलाय, छाती पांढरीशुभ्र, डोळ्यांत चमक, कान उभे, मान जराशी तिरकी. असा रुबाब की बंगलेवाले उद्याच गाडी पाठवतील. ती म्हणाली, ''बघा कसा बसलाय! एवढं टक लावून कुठे बघतोय सांगा?'' मी म्हटलं, दाराकडे. ती म्हणाली, मालक बाहेर गेला की बाकीची कुत्री भुंकून जीव नकोसा करतात, हा नुसता बघत राहिला. मी म्हटलं, मी मालक नाही, मालक माझे मामा. ती म्हणाली, ''हे त्याला कुणी सांगितलंय का?''

मामा, हे तोंड मी आधी पाहिलंय. तुम्ही गेलात तेव्हा दुकानाच्या दारात बसून तो असाच बघायचा आणि लोक म्हणायचे, काय राखणदार कुत्रा आहे. बंगल्याच्या दारातही तो असाच बसेल, आणि ते हौशी लोकही म्हणतील, काय राखणदार कुत्रा मिळालाय. त्यांची चूक नाही. कुणालाही तसंच वाटेल. एकदा त्याने ते बघणं सोडून दिलं, ते त्याला कसं जमलं मला माहीत नाही. दुसऱ्यांदा जमेल की नाही, आणि जमावं असं तरी का वाटावं? हे सगळं मी तिला बोलून दाखवणार होतो, पण स्टुडिओतल्या उजेडाने डोळ्यांतून पाणी येतं.

ता. क. २. म्हणून मुख्य काम. बंगलेवाल्यांना शेपटीचा फोटो दाखवा आणि सांगा, कुत्रा जागेवर ठरत नाही. (खोटं नाही, माझ्याकडे पुरावा आहे.) आणि काकांना तुम्ही स्वतः चार ओळी लिहा की तिकडून नकार आलाय, कुत्र्यालाही आणि भाच्यालाही इथेच ठेवून घ्यावं. तुम्ही त्यांच्या वहिनीचे भाऊ, तुमचा शब्द ते मोडत नाहीत, मनातल्या मनात काय बोलतात ते बोलू देत. काकू आपल्या बाजूने आहे. कालपासून बिस्किटांचा डबा तिने खालच्या फळीवर ठेवलाय, आणि विचारलं तर म्हणते, धरलेला खांदा वर जात नाही. बदल्यात तुम्ही सांगाल ते मी करीन. वेटरांचे कोट मी आता महिनाभर एकटा धुणार हे काकांना आधीच कबूल केलंय. फक्त कॉलेजचा विषय काढू नका.

ता. क. ३. फोटो कशासाठी हवा होता हे मी तिला शेवटी सांगितलं.  त्या दिवसापासून ती मला दादा म्हणत नाही. दुसरंही काही म्हणत नाही. 'अहो' नाही, 'अरे' नाही, नुसतं 'वकील कसा आहे?' याला प्रगती म्हणावं का, हे मामींना विचारून कळवा. तुम्हाला विचारत नाही, तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत.

ता. क. ४. हे पानाच्या मागच्या बाजूला लिहितोय, कारण पत्र पाकिटात घालण्याआधी पानं एकत्र स्टेपल केली. कट्ट झालं आणि तो टेबलाखालून आला. खिशात बघितलं तर बिस्किटं संपली होती. रिकामा हात उघडून दाखवला. त्याने तो नीट हुंगला, शहानिशा केली, आणि गेला नाही. हनुवटी पायांवर ठेवून बसलाय. पाय बधिर झालेत. हलवत नाही.